टाय रॉड एंड बदलूनही स्टेअरिंग हलतंय? जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाची क्रमवार तपासणी

टाय रॉड म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकमेकांना जोडणारा दांडा, आणि टाय रॉड एंड म्हणजे त्याच्या टोकाचा बॉलचा जोड. लक्षणं आधी. खालच्यांपैकी दोन-तीन जुळत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- सरळ चालताना स्टेअरिंग चार-पाच बोटं मोकळं फिरतं, चाकं जागची हलत नाहीत.
- रिकामा ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर टॉप गिअरमध्ये नेला की पुढची चाकं थरथरतात. वेग कमी केला की थांबतात.
- पुढच्या टायरच्या रिब एका बाजूने झिजून धारदार झाल्या आहेत.
- ओळीच्या टोकाला वळताना किंवा बांध चढताना पुढून 'टक्' असा आवाज येतो.
- ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो किंवा सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग तिरकं धरावं लागतं.
- एका बाजूला आखूड वळतो, दुसऱ्या बाजूला लांब.
- टाय रॉड एंड नवे टाकले की महिना-दोन महिने बरं, मग पुन्हा तेच रडगाणं.

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. वेळेवर ग्रीस मिळालेला चांगला एंड सहज काही हंगाम काढतो. एकाच जागचा एंड वरचेवर जात असेल तर तो एंड नुसता मार खातोय, मार देणारा दुसराच कुणी आहे. किंगपिनचा (चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं तिचा) बुश, एक्सलची मधली पिन (जिच्यावर एक्सल डोलतो), वाकलेला रॉड, चुकलेला टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं) किंवा गायब झालेला स्टॉपर बोल्ट (वळण जिथे थांबतं तो), यांतलं काहीतरी निघतं. मिस्त्री जे हातात ढिलं लागतं ते बदलतो. त्यात त्याची चूक नाही, पण दुखणं तिथे नसतं.

हे सगळं टू-व्हील ड्राइव्ह, साध्या (मेकॅनिकल) स्टेअरिंगच्या जुन्या ट्रॅक्टरबद्दल आहे: महिंद्रा २६५, २७५, स्वराज ७३५, एचएमटी २५११, त्याआधीचे बी-२७५ वगैरे. मॅसी ३५ च्या घराण्यातल्या जुन्या ट्रॅक्टरात स्टेअरिंग बॉक्समधून दोन्ही बाजूंना स्वतंत्र ड्रॅग लिंक (स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा) जाते. तिथे तपासणी हीच, जुळवणी मात्र वेगळी; ते पुढे सांगितलंय. बागेतल्या छोट्या फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल गिअरचा असतो, त्याला हे जसंच्या तसं लावू नका.

हात लावण्याआधी

ट्रॉली, ब्लोअर, रोटाव्हेटर सोडून ठेवा. सपाट, कडक जमीन घ्या. काळ्या रानात जॅक खचतो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. पुढचा भाग उचलला की एक्सलखाली ठोकळ्यांची थप्पी द्या आणि वजन त्या थप्पीवर सोडा. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक चालत नाहीत, ते भाराखाली अचानक फुटतात. नुसत्या जॅकवर असलेल्या ट्रॅक्टरखाली हातसुद्धा घालायचा नाही.

१. हवा आणि टायर

इथे खर्च शून्य. दोन्ही टायरची हवा सारखी आहे का, हे गेजने बघा; लाथ मारून नाही. ६.००-१६ च्या टायरला बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत २६ ते ३० पीएसआय चालते. तुमच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच धरा. एका बाजूला पाच-सहा पीएसआय कमी असली तरी ट्रॅक्टर त्या बाजूला ओढतो, आणि लोक टाय रॉड फिरवायला लागतात.

मग तळहात टायरच्या रिबवरून आडवा फिरवा. बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना धार लागते, तर टो-इन जास्त आहे. उलट लागलं तर चाकं पुढे फाकलेली आहेत. दोन्ही टायर एकाच पद्धतीने झिजलेले असतील तर दोष जुळवणीचा. एकच टायर खराब असेल तर त्या बाजूचा किंगपिन, हब किंवा वाकलेला स्टब (हब ज्यावर फिरतो तो दांडा) याचा संशय घ्या. ही खूण लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

२. दोन माणसांची परीक्षा

दहा मिनिटांचं काम आहे, आणि या एका परीक्षेवर निम्मा निकाल लागतो. चाकं जमिनीवरच ठेवा, इंजिन बंद. एकाने सीटवर बसून स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं. चाक फिरेपर्यंत नाही, प्ले (मोकळी हालचाल) संपतो तिथपर्यंतच, सावकाश. दुसऱ्याने वरून खाली एकेक जोड धरत जायचं: स्टेअरिंग शाफ्ट, बॉक्स, ड्रॉप आर्म (बॉक्सबाहेरचा, ड्रॅग लिंक हलवणारा), ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, स्टेअरिंग आर्म (चाक वळवणारा), शेवटी टाय रॉडची दोन्ही टोकं.

जोडाच्या दोन्ही बाजूंवर बोटं ठेवा. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे प्ले आहे. नजरेवर विसंबू नका, बोटाला अर्धा मिलिमीटरसुद्धा कळतो.

शाफ्ट फिरतोय पण ड्रॉप आर्म उशिरा हलतो, तर प्ले बॉक्समध्ये. बॉक्समधून बाहेर आलेला, ड्रॉप आर्म ज्यावर बसतो तो शाफ्ट हलतो पण आर्म उशिरा हलतो, तर आर्मचा नट सैल आहे किंवा त्याच्या खाचा गेल्या आहेत. बॉक्सच चेसिसवर हलत असेल तर त्याचे बोल्ट ढिले आहेत. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं, आणि नुसत्या पान्याने सुटतं.

स्टेअरिंगच्या रिमवर ३-४ सेंटीमीटर प्ले जुन्या ट्रॅक्टरला माफ आहे. तो शून्यावर आणायच्या मागे लागू नका. सात-आठ सेंटीमीटर असेल तर रस्त्यावर न्यायच्या लायकीचा नाही.

३. ग्रीस आणि रबर बूट

प्रत्येक निप्पल कापडाने पुसा, मग गन लावा. न पुसता गन लावली की मातीच आत ढकलली जाते. चाक उचलून, भार काढून ग्रीस द्या, म्हणजे बॉलच्या खालच्या बाजूलाही पोचतं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसलं की थांबा. बूट (जोडावरचं रबरी आवरण) फुगून फाटेपर्यंत दाबू नका.

निप्पल ग्रीस घेत नसेल तर तो काढून नवा लावा, किरकोळ किमतीला मिळतो. नवा लावूनही आत जात नसेल तर वाट वाळलेल्या ग्रीसने तुंबली आहे. काही एंड बंद प्रकारचे असतात, त्यांना निप्पलच नसतो. त्यांचा बूट फाटला की आयुष्य संपलं असं धरा.

ग्रीसने प्ले भरून येत नाही. ग्रीस दिल्यावर आवाज बंद झाला म्हणून जोड चांगला आहे असं समजू नका, चार दिवसांनी पुन्हा तीच परीक्षा घ्या.

आपल्याकडे बूट दोन कारणांनी लवकर जातात. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात भाताच्या चिखलणीत पुढचा एक्सल चिखलात बुडतो आणि तो चिखल बुटात वाळतो. द्राक्षपट्ट्यात बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा) थर एक्सलवर बसतो. मोरचूद लोखंडाला खातं. आटे गंजतात, चेकनट (एंड नळीत जागी धरणारे नट) जाम होतात. फवारणी झाल्यावर साध्या पाण्याने पुढचा भाग धुवा. प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट बुटावर मारू नका, पाणी ओठाखालून आत जातं. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा रेटा सुरू होतो, त्याआधी ही तपासणी उरकलेली बरी.

४. नट, स्प्लिट पिन, बॉक्सचं तेल

टाय रॉड एंडच्या प्रत्येक खाचेच्या नटात स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून आडवी घालायची पिन) हवीच. पिनेच्या जागी खिळा किंवा तार दिसली तर ती आजच बदला, बाकी काही करा नाहीतर नका करू. नट सैल निघाला तर नुसता आवळून मोकळं होऊ नका. एंडचा दांडा निमुळता असतो आणि आर्मच्या निमुळत्या भोकात घट्ट बसून तो भार घेतो. नट सैल असताना ट्रॅक्टर चालला असेल तर ते भोक लंबगोल झालेलं असू शकतं. तसं असेल तर नवा एंडही काही दिवसांत हलायला लागेल.

बॉक्सच्या तेलाची पातळी बघा. बहुतेकांत ९० नंबरचं गिअर ऑइल असतं. कमी असेल तर भरा आणि कुठून गळतंय ते शोधा.

५. चाक उचलून

एका बाजूने एक्सलखाली जॅक लावा, चाक जमिनीपासून बोटभर वर घ्या, ठोकळे द्या.

चाक वर-खाली धरा, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ जिथे असतात तिथे, आणि हलवा. प्ले लागला तर दुसऱ्या माणसाला आत बघायला सांगा. हब आणि स्टबच्या मध्ये फट उघडत असेल तर हबचं बेअरिंग ढिलं. स्टब आणि एक्सलच्या टोकामध्ये हालचाल असेल तर किंगपिनचा बुश.

आता डावी-उजवीकडे धरा, ३ आणि ९ वर. वर-खाली काही लागत नाही पण आडवं लागतं, तर टाय रॉड किंवा ड्रॅग लिंक. दोन्हीकडे लागतं, तर आधी बेअरिंग आणि किंगपिन. टाय रॉडचा विचार नंतर.

बेअरिंग ढिलं असेल तर काम स्वस्त आहे. हबची टोपी काढा, पिन काढा, चाक फिरवत फिरवत नट आवळा. चाक जड फिरायला लागलं की नट पुढची खाच भोकासमोर येईपर्यंत मागे घ्या आणि नवी पिन घाला. चाक मोकळं फिरलं पाहिजे, हलता कामा नये. फिरवताना खरखर आली तर बेअरिंग बदलायचं आहे, आवळून उपयोग नाही.

बेअरिंग इतक्या आधी घ्यायचं कारण असं की ढिलं बेअरिंग असताना मोजलेला टो-इन खोटा येतो. त्यावर टाय रॉड जुळवला तर पुढच्या आठवड्यात बेअरिंग आवळल्यावर सगळं पुन्हा चुकतं.

६. टो-इन मोजणं

पुढच्या चाकांमधलं पुढचं अंतर मागच्या अंतरापेक्षा किंचित कमी असावं लागतं. चालताना जमिनीचा रोध चाकांना पुढून बाहेर फाकवतो आणि जोडांमधला उरलासुरला प्ले त्या दिशेने खेचला जातो. थोडा टो-इन असला की चालताना चाकं बरोबर समांतर येतात. बहुतेक जुन्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरना ३ ते ६ मिमी असतो. पुस्तक हाताशी असेल तर पुस्तकातला आकडा धरा.

सपाट जागी ट्रॅक्टर थोडा पुढे चालवून सरळ उभा करा. मागे ढकलून उभा केला तर प्ले उलट्या बाजूला जातो आणि माप चुकतं. हबच्या मध्याच्या उंचीवर, दोन्ही रिमच्या आतल्या कडेला पुढच्या बाजूने खडूची खूण करा. टेपने खुणेपासून खुणेपर्यंत मोजा, लिहून ठेवा. मग ट्रॅक्टर अर्धा चाक-फेरा पुढे ढकला, त्याच खुणा मागे येतील, तेवढ्याच उंचीवर. पुन्हा मोजा. मागचं माप वजा पुढचं माप म्हणजे टो-इन.

त्याच खुणा वापरायच्या कारण जुन्या रिम सरळ नसतात. पुढे एका ठिकाणी आणि मागे दुसऱ्या ठिकाणी मोजलं तर रिमचा वाक मापात मिसळतो. टायरच्या रबरावर मोजू नका. इंजिन आडवं येऊन टेप सरळ जात नसेल तर ओळंबा सोडून खुणा जमिनीवर उतरवा आणि तिथे मोजा.

७. रॉड वाकलाय का

टाय रॉडच्या दोन टोकांना सुतळी ताणून धरा. मध्ये फट दिसली तर रॉड वाकलेला आहे. बांधाचा दगड, द्राक्षाच्या अँगलचा खालचा पाया किंवा ट्रॅक्टर ओढताना साखळी टाय रॉडला अडकवणं, ही नेहमीची कारणं. साखळी टाय रॉडला कधीच लावायची नाही, त्यासाठी पुढे हुक असतो.

वाकलेला रॉड ठोकून सरळ करू नका. थंड ठोकला तर वाकलेल्या जागी तो कच्चा राहतो, गॅसने तापवून केला तर आणखी मऊ होतो. वेल्डिंगचं तर नावही नको. नवी नळी किंवा पूर्ण रॉड घ्या.

८. एंड बदलणं

इतकं करून दोष खरंच टाय रॉड एंडमध्ये निघाला, तर काम घरी होण्यासारखं आहे. लागेल ते: रिंग पाने, पाइप पाना, किलोभराचे दोन हातोडे, तारेचा ब्रश, टेप, नव्या स्प्लिट पिना, आणि मिळाला तर बॉल जॉइंटचा पुलर. आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवायचं तेल सोडा. नसेल तर डिझेल.

दुकानात जाताना जुना एंड बरोबर न्या. 'अमुक मॉडेलचा द्या' म्हणून मागितला तर दुसऱ्याच मापाचा हातात येऊ शकतो. ट्रॅक्टरच्या आयुष्यात आर्म किंवा रॉड आधीच कुणी बदललेला असतो. एक एंड सरळ आट्यांचा, एक उलट्या आट्यांचा घ्यावा लागतो. दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक अर्धा झिजलेला असेल तर चार महिन्यांनी हेच सगळं पुन्हा करावं लागतं.

आधी मापं. एका एंडच्या निप्पलच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत लांबी लिहा. नळीबाहेर दोन्हीकडे किती आटे दिसतात तेही लिहा. आटे मोजून परत बसवू असं म्हणणं पुरेसं नाही, कारण नव्या एंडचा दांडा बऱ्याचदा जुन्यापेक्षा थोडा लांब-आखूड निघतो.

पिन काढा. नट सोडवत दांड्याच्या टोकाशी सपाट येईपर्यंत आणा, पूर्ण काढू नका; एंड सुटून उडाला तर नट त्याला धरतो. पुलर असेल तर लावा. नसेल तर आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला एक हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूला दुसऱ्याने खणखणीत मारा. तीन-चार नेमक्या फटक्यांत निमुळता दांडा सुटतो. दांड्याच्या टोकावर खालून मारत बसलात तर आटे चेपतात आणि एंड जागचा हलत नाही. आर्मला गॅस लावू नका. तो फोर्ज केलेला, पाणी दिलेला भाग आहे; तापवला की मऊ पडतो आणि पुढे कधीतरी वाकतो.

नट फिरताना दांडाच सोबत फिरत असेल तर एंड आर्मकडे दाबून धरा (एंड आर्मच्या खाली असेल तर त्याखाली लाकूड देऊन जॅकने हलका वर दाबा), निमुळता भाग पकड घेतो आणि नट सुटतो.

चेकनट किंवा क्लॅम्प ढिला करा. एका बाजूचा चेकनट उलटा सुटतो. 'लई जाम झालाय' म्हणून पान्याला पाइप लावून नेहमीच्या दिशेने ताकद काढली तर तो आणखी आवळला जातो आणि आटे जातात. आधी आट्यांचा उतार कुठल्या बाजूला आहे ते डोळ्यांनी बघा.

नळीच्या आतले आटे ब्रशने साफ करा, ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी सुटतील. नवे एंड दोन्हीकडे सारखे आत फिरवा. दांड्याच्या जाडीच्या दीडपट तरी आटे नळीत असले पाहिजेत. दांडा २० मिमी जाडीचा असेल तर किमान ३० मिमी. एवढे बसत नसतील तर रॉड किंवा एंड चुकीचा आहे, पुढे जाऊ नका.

आता निमुळत्या भोकाची परीक्षा. भोक आणि दांडा कोरड्या कापडाने पुसा, इथे ग्रीस लावायचं नाही. दांड्यावर मार्कर किंवा खडूच्या चार उभ्या रेघा ओढा, हाताने दाबून बसवा, थोडा फिरवून काढा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर भोक चांगलं. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला पुसल्या तर निमुळतेपणा जुळत नाही. दांडा इतका आत जातोय की नट आटे संपून थांबतो आणि एंड मात्र हलतोच, तर भोक मोठं झालंय. वॉशर घालून नट आवळला तर वरून घट्ट दिसतं, आत दांडा हलत राहतो. आर्मच बदलावा लागतो.

नट आवळा, टॉर्क पाना असेल तर पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. खाच भोकासमोर आली नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा, मागे कधीच घ्यायचा नाही. इथे हबच्या नटाच्या अगदी उलट नियम आहे, आणि गडबडीत लोक नेमकी हीच गल्लत करतात.

९. टो-इन जुळवणं

नळी फिरवली की दोन्ही एंड एकदम आत किंवा बाहेर जातात, कारण आटे उलट-सुलट आहेत. आट्यांची चाल १.५ मिमी असेल तर एका पूर्ण फेऱ्यात लांबी ३ मिमी बदलते. पण चाकाच्या रिमवर त्याचा परिणाम दुपटीहून जास्त दिसतो, कारण स्टेअरिंग आर्म रिमच्या व्यासापेक्षा खूप आखूड असतो. साधारण मापाच्या आर्मवर एक फेरा म्हणजे टो-इनमध्ये ७ मिमीच्या आसपास फरक. म्हणून पाव-पाव फेऱ्याने जा, दर वेळी ट्रॅक्टर पुढे चालवा, मोजा.

टाय रॉड एक्सलच्या मागे असेल तर लांबी वाढवल्यावर टो-इन वाढतो. रॉड एक्सलच्या पुढे असेल तर उलट, लांबी वाढवली की चाकं फाकतात.

आकडा आला की दोन्ही एंडचे तोंड एकाच रेषेत आणा आणि मगच चेकनट आवळा. आवळल्यावर नळी हाताने धरून थोडी पुढे-मागे डोलवा. दोन्हीकडे सारखी डोलली पाहिजे. एका बाजूला लगेच अडत असेल तर एक एंड तिरका बसलाय आणि खड्ड्यात चाक गेल्यावर तो आतून मोडेल. क्लॅम्प असेल तर तो नळीच्या फट असलेल्या भागावरच हवा, नाहीतर बोल्ट आवळतो पण नळी आवळत नाही.

मग स्टेअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून बघा. रॉड, क्लॅम्पचा बोल्ट, टायर कुठे घासतात का? वळण स्टॉपर बोल्टवर थांबलं पाहिजे. स्टॉपर नसेल किंवा कुणी पूर्ण आत फिरवून टाकला असेल तर प्रत्येक आखूड वळणावर एंडचा बॉल त्याच्या घराच्या काठावर आपटतो. नऊ फुटी ओळींच्या टोकाला दिवसभर पूर्ण वळण मारणाऱ्या बागेतल्या ट्रॅक्टरचे एंड याच कारणाने वरचेवर जातात. दोन बोल्ट नीट लावले की हा खर्च थांबतो.

ओळीत बसावा म्हणून पुढचा एक्सल एक भोक आत घेतला असेल तर टाय रॉडही तेवढाच आत घ्यावा लागतो. एक्सल दोन्ही बाजूंनी सारखा घ्या, रॉड जुळवा, टो-इन पुन्हा मोजा, स्टॉपर पुन्हा बघा. एक्सल आत आणि रॉड जुनाच, असं करून चालवलेल्या ट्रॅक्टरची चाकं फेंगडी होतात.

स्टेअरिंग तिरकं राहत असेल तर ड्रॅग लिंकचं एक टोक सोडा, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून एकूण फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणा. चाकं सरळ करा. ड्रॅग लिंक त्या अंतराला जुळवून जोडा. दोन ड्रॅग लिंकच्या ट्रॅक्टरात आधी बॉक्स मध्यावर आणायचा, मग प्रत्येक चाक आपल्या लिंकने वेगळं सरळ करायचं, शेवटी दोन्ही लिंक सारख्या बदलून टो-इन काढायचा. नुसती एकच लिंक फिरवून टो-इन काढलात तर आकडा येईल, पण वळण एका बाजूला आखूड पडेल.

१०. किंगपिन आणि मधली पिन

पाचव्या तपासणीत किंगपिन ढिला निघाला असेल तर नवे एंड टिकणार नाहीत. बुश झिजला की चाक प्रत्येक खड्ड्यात तिरकं होतं आणि तो झटका थेट एंडच्या बॉलवर जातो. बुश दाबून बसवावा लागतो आणि किंगपिनच्या मापाने आतून रीमर मारावा लागतो. हे लेथवाल्याकडचं काम. नाशिकच्या अंबड-सातपूरलाच जायला हवं असं नाही, तालुक्याच्या गावात होतं. बुश बदलताना थ्रस्ट बेअरिंग आणि पिनही बघून घ्या. झिजलेल्या पिनेवर नवा बुश हंगामभरही पुरत नाही.

मधल्या पिनेसाठी जॅक एक्सलखाली नको, पुढच्या सपोर्टखाली लावा, एक्सल लोंबकळू द्या. पहार घालून एक्सल पुढे-मागे आणि वर-खाली ढकला. ठळक हालचाल दिसली तर पिन-बुश गेलेत. एक्सल पुढे-मागे सरकला की स्टेअरिंग न फिरवता चाकं वळतात. ट्रॅक्टर आपोआप डावी-उजवीकडे भटकतो आणि संशय टाय रॉडवर जातो.

इथे थांबा, मिस्त्रीला बोलवा

स्टेअरिंग बॉक्सच्या वरचा किंवा बाजूचा जुळवणीचा स्क्रू हा सगळ्यात मोठा मोह आहे. बॉक्स सगळ्यात जास्त मध्यावर झिजतो, कारण ट्रॅक्टर जास्त वेळ सरळच चालतो. मध्यावरचा प्ले काढायला स्क्रू आवळला की वळणावर, जिथे झीज कमी आहे तिथे, बॉक्स अडतो. वळलेलं स्टेअरिंग परत येत नाही. कांद्याची ट्रॉली घेऊन राहूड घाट उतरताना हे झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. बाकी सगळे जोड घट्ट करूनही प्ले उरला, तरच बॉक्स, आणि तोही उघडून बघणाऱ्या माणसाकडून.

याशिवाय: स्टेअरिंग आर्म किंवा ड्रॉप आर्मवर चीर दिसली, कुठेही जुनं वेल्डिंग सापडलं, ड्रॉप आर्मच्या खाचा गेल्या, स्टब वाकलेला निघाला, एक्सलच्या टोकाचं भोकच मोठं झालं, ट्रॅक्टर उलटला किंवा धडकला होता, किंवा पॉवर स्टेअरिंगचा सिलिंडर मध्ये आहे. यांपैकी काहीही असेल तर ट्रॅक्टर आहे तिथे उभा ठेवा. रस्त्यात एंड निसटला तर तारेने किंवा दोरीने बांधून गॅरेजपर्यंत आणायची कल्पना सोडून द्या. एक चाक डावीकडे, एक उजवीकडे जातं. मिस्त्रीलाच एंड घेऊन जागेवर बोलवा.

काम झाल्यावर पहिल्यांदा रिकामा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, घराजवळच फिरवा. दहा तास चालल्यावर चेकनट, क्लॅम्प आणि स्प्लिट पिना पुन्हा बघा आणि टो-इन एकदा मोजा; नवे एंड आणि निमुळता दांडा बसताना मिलिमीटरभर सरकतात. त्यानंतर चिखलात किंवा फवारणीत रोज काम असेल तर रोज संध्याकाळी ग्रीस, नाहीतर आठवड्यातून एकदा. जुने एंड भंगारात द्यायच्या आधी त्यांचं घर उघडून आतल्या बॉलची झीज बघा. एकाच बाजूला खोल झिजला असेल तर एंड तिरका बसला होता किंवा स्टॉपर लागत नव्हता. सगळीकडून सारखा आणि गंजून झिजला असेल तर बूट फाटून पाणी आत गेलं होतं.